अपर्णाला सोडायला

२२ डिसेंबर, रविवार

आज घरी चुकून ख्रिस्ती मंडळी आली. गात!

फाटकाशी ढोलकी वाजली म्हणून बाहेर गेलो, तर दहा-बारा माणसं. एकाच्या डोक्यावर लाल टोपी. मी आपलं नेहमीचं म्हटलं — "भाई, चंदा दे चुके हैं." पुढे एक धिप्पाड बाई होती. ती हसली आणि मराठीत म्हणाली, "चंदा नको हो. नाताळची गाणी म्हणायला आलोय." आमच्याकडे का? — तर तिने वर बोट दाखवलं. कंदील.

मंदारने लावलेला, चांदणीचा. गेल्याच्या गेल्या दिवाळीतला. त्यात त्याने काहीतरी बसवून ठेवलंय — अंधार पडला की आपोआप लागतो, उजाडलं की विझतो. नंतर जानेवारीत तो बायपासवर गेला, ट्रकखाली. कंदिलाला आमच्यापैकी कोणाचाच हात लागला नाही. यंदा दिवाळी केली नाही, पण तो आपला रोज लागतोच आहे. आणि डिसेंबरात दारावर पेटलेली चांदणी म्हणजे ख्रिस्ती घर, असा त्यांचा हिशेब. त्यांची तरी काय चूक.

आम्ही त्यातले नाही असं सांगणार, तोवर बाई दारावरची पाटी वाचत होती. "श्रीकांत मुजुमदार, अपर्णा, मंदार. मंदारला बोलवा की. मुलांना चॉकलेटं आणलीत."

तो नाही, म्हटलं.

"बाहेर गेलाय?"

वारला, म्हटलं. हजेरी घेताना गैरहजर म्हणावं तसं.

दुसरं कोणी असतं तर हात जोडून पुढच्या घरी गेलं असतं. या बाईने विचारलं, "आई कुठं आहे त्याची?" आत आहे, उठत नाही, म्हटलं. खरंच उठत नाही अपर्णा. भिंतीकडे तोंड करून पडलेली असते. स्वयंपाकाला बाई, औषधाला मी. तर ही बाई सरळ फाटक उघडून आली, व्हरांड्याच्या पायरीवर बसली आणि गायला लागली. ढोलकी नाही, काही नाही. पाळणा! त्यांच्या देवाचा असेल, पण पाळणाच तो. मला इतका राग आला — मूल गेलेल्या घरी पाळणा म्हणतात का कोणी! हाकलणार होतो.

मागे बघतो तर अपर्णा. उभी. केस सुटलेले, भिंतीला हात धरून. मला बाजूला सारून ती त्या बाईशेजारी पायरीवर बसली. पाळणा संपेपर्यंत रडत बसली. मग डोळे पुसून म्हणाली, "चहा टाकते."

सगळ्यांना चहा केला. साखर घालायची विसरली. सगळ्यांनी निमूट प्यायला.

२३ डिसेंबर

सकाळी पुन्हा पडून. झालं, म्हटलं, एका चहापुरतंच होतं.

दुपारी म्हणाली, "ती कालची बाई कुठं राहते?"

२५ डिसेंबर

ती बाई स्वतःच आली. डबा घेऊन. आत करंज्या, चकल्या आणि केक. मला वाटायचं यांच्याकडे नुसता केकच असतो. शोभा साळवे नाव. मूळच्या नगरकडच्या. नवरा इथे कारखान्यात होता, करोनात गेला. इंद्रपुरीत एकट्या राहतात. आल्या आल्या "सलाम" म्हणाल्या — नमस्काराऐवजी त्यांच्यात तसं म्हणतात. मी मान हलवली.

अपर्णाने विचारलं, "मी आले तर चालेल का तुमच्या चर्चमध्ये? नुसती बसायला."

"दार उघडंच असतं ताई."

मी पेपरात डोकं घालून बसलो होतो. अपर्णा म्हणाली, "हे सोडतील मला स्कूटरवर." मला विचारलंसुद्धा नाही. बरं वाटलं. वर्षभरात तिने मला कुठल्या कामाला लावलं नव्हतं.

२९ डिसेंबर, रविवार

सोडलं. गोविंदपुऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर लहानसं पिवळं चर्च आहे. ती आत गेली. मी बाहेर लिंबाखाली स्कूटरवर बसून पेपर वाचला. छोट्या जाहिरातींसकट.

मी आत जायचा प्रश्नच नाही. जन्मभर पोरांना भौतिकशास्त्र शिकवलं, मोजता येईल तेवढंच खरं धरा म्हणून सांगितलं. घरातला कृष्ण अपर्णाचा होता. माझं काम फुलं आणून देण्यापुरतं. मंदार गेला त्या आठवड्यात तिने देव्हाऱ्याचा पडदा ओढला तो ओढलाच. मी त्यावर काही बोललो नाही. मी कशावरच काही बोललो नाही.

बाहेर आली तेव्हा डोळे सुजलेले. पण घरी येऊन दोन पोळ्या खाल्ल्या! मागून भात घेतला. एवढं होत असेल तर मी दर रविवारी सोडायला तयार आहे.

५ जानेवारी, रविवार

कडाक्याची थंडी. लिंबाखाली बसलो होतो, तर शेजारचे तिवारीजी भाजी घेऊन चाललेले. थांबले. "सर, आप यहाँ?" मिसेस को छोड़ने आया हूँ, म्हटलं. त्यांनी चर्चकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, "अच्छा, अच्छा" केलं. आता संध्याकाळपर्यंत आमच्या अख्ख्या अयोध्या नगर कॉलनीला कळणार.

१२ जानेवारी, रविवार

शोभाताईंनी पकडून आत नेलं. "पेपर आतही वाचता येतो सर. बाहेर गारठून मेलात तर ताईंना घरी कोण सोडेल?" बाईंपुढे बोलायची सोय नाही.

शेवटच्या बाकावर बसलो. सगळं हिंदीत. पास्टर तरुण आहेत, रोहन मसीह, बोलतात हळू. आज थकलेल्या माणसांवर बोलत होते. ओझं घेऊन चालणाऱ्यांनो, इकडे या आणि टेका, असं त्यांचा येशू म्हणतो म्हणे. म्हणो बापडा. मला कोणी बोलावलं नव्हतं, मी सोडायला आलो होतो.

निघताना ते हात मिळवायला आले. आधीच सांगून टाकलं — देखिए, मैं यह सब मानता नहीं. म्हणाले, "बैठिए ना सर. यहाँ हाज़िरी नहीं लगती."

शिक्षकाला असं बोलतात! पण वाईट नाही वाटलं.

१७ जानेवारी

मंदारचं वर्षश्राद्ध. दादा उज्जैनहून आला. अपर्णाने सगळा स्वयंपाक स्वतः केला, वडे, खीर, आमसुलाची चटणी, कशात काही कमी नाही. गुरुजी सांगतील तसं मी करत गेलो. पिंडावर सोडायचं पाणी बाजूलाच सांडलं. गुरुजींनी मनगट धरलं.

जेवणं संपत आल्यावर दादाने तोंड उघडलं. तिवारीजींकडून कळलं असणार. "श्री, हे काय ऐकतोय मी? दिवस कसे आलेत माहीत आहे ना? उद्या अपर्णा बाटली तर लोकांना काय तोंड दाखवणार? बाळकृष्ण मुजुमदारांची, माझी भावजय!"

मी ताटाभोवतीची शितं गोळा करत बसलो. अपर्णा पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. म्हणाली, "भाऊजी, वर्षभर मी भिंतीकडे तोंड करून पडले होते. तुम्ही फोनवर ह्यांना विचारायचात, अपर्णा बरी आहे का आता. आहे. बरी आहे."

दादाने खीर पुन्हा मागितली. जाताना मला फाटकाशी म्हणाला, "तू तरी शुद्धीवर राहा."

मी शुद्धीवरच आहे. कधी नाही तो इतका. झोपच नाही तर शुद्ध हरपणार कधी? त्या दिवसाचा फोन पहाटे आला होता. तेव्हापासून अंग टाकलं की कान फोनकडे लागतात. डॉक्टरांच्या गोळ्यांनी फक्त तोंड कोरडं पडतं. हे अपर्णाला सांगितलेलं नाही. तिचंच तिला काय कमी आहे.

२६ जानेवारी, रविवार

चर्चच्या अंगणात झेंडावंदन. बुंदीचे लाडू. राष्ट्रगीत मी सगळ्यांत मोठ्याने म्हटलं, त्यात माझी हरकत नाही.

घरी आल्यावर अपर्णा म्हणाली, "तो कंदील उतरवा आता. पुन्हा कोणीतरी चुकून येईल." आणि हसली! तिचं हसू विसरायला झालं होतं.

स्टुलावर चढलो, कंदील उतरवला. कागद पार विटलाय. माळ्यावर ठेवला. दिवेलागणीला व्हरांड्यात अंधार. दोघंही तिथंच बसून राहिलो. मग मी साधा दिवा लावला.

९ फेब्रुवारी, रविवार

आज शोभा झाली. चर्चमध्ये झोपलो!

पहिलं गाणं आठवतं. खिडकीतून पायांवर ऊन येत होतं. दुसऱ्या गाण्याला डोळे मिटले ते नुसतेच. जाग आली तर चर्च रिकामं. माझ्या अंगावर कोणाची तरी शाल. शेजारी अपर्णा, हात मांडीवर ठेवून. पास्टर खिडक्या लावत होते. मी धडपडत उठलो तर म्हणाले, "और सो लीजिए सर. चाबी मेरे पास ही है."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. वर्गात डुलकी घेणाऱ्या किती पोरांना मी बाकावर उभं केलंय! बाहेर आल्यावर अपर्णाला विचारलं, घोरलो का?

"घोरलात की. तिसऱ्या गाण्यापर्यंत लोक वळून बघत होते. मग ढोलकीवाल्याने ताल जुळवून घेतला."

कोणी उठवलं नाही?

"मी उठवणार होते. शोभाताईंनी हात धरला. म्हणाल्या, ज्याच्यासाठी बोलावलंय तेच घेतायत ते."

स्कूटर चालवताना डोकं हलकं वाटत होतं. रस्त्याच्या कडेची झाडं धुतल्यासारखी दिसत होती.

१६ फेब्रुवारी, रविवार

पुन्हा झोपलो. आता लोक ती जागा माझ्यासाठी सोडतात.

याला कारणं आहेत. पायांवर ऊन. एका पट्टीतलं बोलणं. बाकाच्या पाठीचा कोन. घरी खुर्ची त्याच कोनात लावून, पायांवर ऊन घेऊन, रेडिओवर भाषण लावून पाहिलं. टक्क जागा.

२ मार्च, रविवार

शोभाताईंना विचारून टाकलं — डोळे मिटून तुम्ही लोक नक्की करता काय?

म्हणाल्या, "काही नाही हो सर. जे आपल्याच्याने उचलत नाही ते खाली ठेवायचं. म्हणायचं, प्रभू, हे माझ्याने होत नाही, तू घे."

आणि तो नसेलच तर?

"तर राहील तिथं बाकावर. तुमच्या खांद्यावर तर नसेल ना?"

मी पेपराची घडी घालून उठलो.

८ मार्च

अपर्णाने देव्हाऱ्याचा पडदा काढला. कृष्णाला चिंच लावून लख्ख केला. मला म्हणाली, "उद्यापासून फुलं आणा." आणून देईन. पण मग चर्चचं काय?

"काय म्हणजे? उद्या रविवार. जायचं. लवकर आंघोळ करा."

हे दोन्ही तिच्यात कसं मावतं ते तिलाच ठाऊक. म्हणाली, "माझं कृष्णाशी बोलणं बंद होतं. त्या लोकांच्यात बसून ते पुन्हा सुरू झालं. येशूने भांडण मिटवलं म्हणा." मी म्हटलं, पास्टरना सांगू नकोस. तिने त्यांना केव्हाच सांगितलंय! ते म्हणाले म्हणे, पहले बात तो शुरू हुई.

२३ मार्च, रविवार

अपर्णाचा गुडघा दुखतोय. म्हणाली, आज राहू द्या. मी म्हटलं, शोभाताई वाट बघतील, बरं दिसत नाही, आणि तुलाच घरी बसून करमायचं नाही. तिने माझ्याकडे जरा बघितलं आणि साडी बदलायला गेली. तिच्यासाठी म्हणून किती जपावं लागतं!

झोप लागली. पण त्याआधी त्यांची प्रार्थना पुरती ऐकली.

१८ एप्रिल, गुड फ्रायडे

आज झोप नाही.

त्यांचा येशू आज क्रूसावर गेला. तीन तास बसतात. एकामागून एक माणसं उठून बोलतात, साधी माणसं, कारखान्यातली, दुकानातली. कोणी त्याच्या आईवर बोललं, ती खाली उभी होती त्यावर. अपर्णा रडली. मी तिला रुमाल दिला. रुमाल मी नेहमीच बरोबर ठेवतो, तिच्यासाठी.

मग शेवटी पास्टर उठले. म्हणाले, माँ की बात सब करते हैं. बाप की कोई नहीं करता. बेटा पुकारता रहा और बाप चुप था. "चुप होने का मतलब यह नहीं कि उसका कुछ टूटा नहीं."

मी उठून बाहेर आलो. किल्ली स्कूटरला लागेना. वर्षभर जो भेटतो तो विचारतो — मिसेस कशा आहेत? वहिनी सावरल्या का? मीही तेच उत्तर देत आलो. आहे बरी, नाही बरी. मंदार माझाही होता. सायकल मी शिकवली त्याला, सीट धरून धावत. शवागारात ओळख पटवायला मी गेलो होतो. अपर्णाने विचारलं, चेहरा कसा होता? मी म्हटलं, झोपल्यासारखा. तो तसा नव्हता. ते मी एकटाच घेऊन हिंडतोय.

तिथंच लिंबाखाली पहिल्यांदा म्हटलं. कोणाला ते माहीत नाही. हे माझ्याने होत नाही, म्हटलं. घे.

अपर्णा बाहेर आली. किल्ली माझ्या हातातून घेऊन तिने लावली.

२० एप्रिल, ईस्टर

उजाडता उजाडता सगळे कब्रस्तानात. अशी रीत आहे त्यांची. रविवारी पहाटे तो उठला, म्हणून आपापल्या माणसांच्या कबरीवर फुलं, मेणबत्त्या. शोभाताई नवऱ्याच्या कबरीपाशी जाऊन बसल्या, त्याच्याशी गप्पा मारल्यासारख्या. आम्ही दोघं मधल्या वाटेवर उभे. आमचं इथं कोण? मंदारची रक्षा नर्मदेत सोडली. वाहत्या पाण्यावर मेणबत्ती कुठे लावायची?

शोभाताईंनी हाक मारली. भिंतीकडेला जुन्या कबरी आहेत, ज्यांचं कोणी उरलं नाही अशा. ज्याचा हात मोकळा असेल त्याने तिथं लावायची. मला एक मेणबत्ती दिली. मी एका कबरीवरचं गवत काढलं. दगडावरचं नाव पार झिजलंय, बाई की पुरुष तेही कळत नाही. मेणबत्ती लावली. वारा होता, म्हणून ज्योतीला हाताचा आडोसा धरून बसलो.

आणि मोठ्याने म्हटलं — मंदार.

सव्वा वर्षात त्याचं नाव माझ्या तोंडून निघालं नव्हतं. 'तो' म्हणायचो, 'आपला मुलगा' म्हणायचो. एकदा निघालं आणि मग थांबेना. रडलो. चांगला हुंदके देऊन, एवढा म्हातारा माणूस. मागे लोक गात होते, तो उठला आहे म्हणून. खरं आहे का ते मला मोजता येत नाही. पण खोटं आहे असं म्हणावंसंही वाटलं नाही. मंदार कुठेतरी आहे आणि त्याला कोणीतरी सांभाळतंय, असं त्या वेळी वाटलं. अजूनही वाटतंय.

अपर्णाला त्याच्या चेहऱ्याचं खरं सांगितलं. परत येताना, स्कूटरवर, तोंड पुढे करूनच. ती म्हणाली, "मला माहीत होतं." आणि पाठीला डोकं टेकलं.

घरी येऊन आडवा झालो. झोप लागली. घरी! आपल्याच पलंगावर, बाक नाही, शाल नाही. फोन वाजला तोही ऐकू आला नाही. दादाचा होता.

२४ एप्रिल

रोज झोपतो. गोळ्या टाकून दिल्या.

२७ एप्रिल, रविवार

स्कूटर काढून हाक मारली — चल, उशीर होतोय. अपर्णा हात पुसत बाहेर आली. घरातल्याच साडीत. "तुम्ही जा. मी नाही येत आता."

बरं नाही का?

"छान आहे की. माझं तर श्राद्धाच्या सुमारासच बरं झालं होतं. तुम्हाला तिथं झोप लागली, म्हणून येत राहिले. माझ्याशिवाय तुम्ही पाऊल टाकलं नसतंत तिथं. आता घरीही झोपता. माझं काम झालं."

मी स्कूटर आत लावली. परत काढली.

एकटा गेलो. शेवटपर्यंत जागा होतो.